आभाळाचे वाफे आणि आपली पेरणी

मृग लागतो. एक-दोन सरी येऊन जातात. मातीचा वास सुटतो आणि घराघरात एकच विषय सुरू होतो. बियाण्याच्या पिशव्या पडवीत येऊन पडलेल्या असतात, तिफण दुरुस्त करून ठेवलेली असते. मुलगा म्हणतो, "आबा, आता थांबण्यात अर्थ नाही. ओल आहे तोवर उरकून घेऊ." बाप आभाळाकडे बघत म्हणतो, "जरा दम धर. रेडिओवर काय सांगतात ते ऐकू." तेवढ्यात माजघरातून आई म्हणते, "मागल्या सालीही ऐकलंच होतं की! जोरदार पाऊस म्हणाले, आन् शेजारच्या शिवारात पडला, आपल्याकडं टिपूस नाही. बियाणं दोनदा घ्यावं लागलं, ते विसरलात व्हय?"

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत जून महिन्यात हे बोलणे होते. एका एकराला सोयाबीनचे बियाणे तीस किलोच्या घरात लागते. ते मातीत टाकले आणि पुढे पंधरा दिवस पावसाने दडी मारली, की बियाणे गेले, मजुरी गेली आणि हंगामाचे मोलाचे दिवसही गेले. म्हणून 'पाऊस कधी आणि किती' हा प्रश्न आपल्याला करमणुकीचा नाही. तो वर्षाच्या भाकरीचा प्रश्न आहे.

मग वेधशाळा खोटे सांगते का? तसे नाही. आणि तिला सगळे कळते का? तसेही नाही. आजचा अंदाज एका प्रचंड संगणकात, म्हणजे काँप्युटरमध्ये तयार होतो. त्या संगणकात शास्त्रज्ञांनी एक लुटुपुटीचे आभाळ आणि एक लुटुपुटीचा समुद्र उभा केलेला असतो. हे आभाळ कसे रचतात, त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे एकदा समजले की अंदाज कसा ऐकावा हेही समजते. त्यासाठी फार लांब जायला नको. देवघरापासून सुरुवात करू.

उदबत्तीचा धूर आणि पाटाचे पाणी

देवापुढे लावलेली उदबत्ती पाहा. धुराची रेघ वीतभर अगदी सरळ वर जाते. मग एकाएकी ती मोडते, तिला वेटोळी पडतात आणि पुढे धूर कुठे कसा गेला ते सांगता येत नाही. पाटाच्या पाण्याचेही तेच. पाणी संथ असले तर त्यावर टाकलेले पान सरळ वाहत जाते. पाण्याला जोर आला, मध्ये दगड आला, की भोवरे उठतात आणि पान गरगर फिरून भलतीकडेच निघते.

इंग्लंडमधल्या मँचेस्टर येथे ऑस्बर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकांनी १८८३ साली हेच काचेच्या नळीत करून दाखवले. नळीतून पाणी सोडायचे आणि मधोमध रंगाची एक बारीक धार सोडायची. पाणी हळू वाहते तोवर रंगाची धार दोऱ्यासारखी सरळ राहते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ती फुटते आणि रंग सगळ्या नळीत कालवला जातो. अशा खळबळत्या प्रवाहाला शास्त्रज्ञ 'संक्षोभी प्रवाह' म्हणतात.

खळ्यावर उफणणी करणाऱ्याला हे शास्त्र न शिकताही ठाऊक असते. तिवईवर उभे राहून पाटीतले धान्य खाली सोडताना वारा एकसारखा मिळत नाही. तो झुळकी-झुळकीने येतो. एक झुळूक भुसा लांब नेते, दुसरी तो तोंडावर आणून टाकते. कारण वारा म्हणजे एक सरळ धार नव्हेच. त्याच्या पोटात लहान-मोठे असंख्य भोवरे असतात.

आपल्या पावसाचा वारा अरबी समुद्रावरून हजारो किलोमीटर येतो. त्यात कित्येक शे किलोमीटर रुंदीची कमी दाबाची क्षेत्रे फिरत असतात. त्यांच्या पोटात पाच-दहा किलोमीटरचे गडगडाटी ढग असतात. त्याहून लहान आपल्या बांधावरची वावटळ, आणि त्याहून लहान ज्वारीच्या पानांत खेळणारी झुळूक. मोठा भोवरा फुटून लहान होतो, लहान फुटून आणखी लहान होतो, आणि शेवटी मिलिमीटरभराच्या हालचालीत घर्षणाने त्याचा जोर जिरून जातो. रशियाचे गणिती कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ साली या उतरंडीचा नियम मांडला.

वारा आणि पाणी कोणत्या नियमाने वाहतात, त्याची समीकरणे एकोणिसाव्या शतकातच फ्रान्सचे नाविए आणि ब्रिटनचे स्टोक्स यांनी मांडून ठेवली. पण समीकरण मांडणे वेगळे आणि सोडवणे वेगळे. या समीकरणांना प्रत्येक वेळी नीट उत्तर असतेच का, हे सिद्ध करणाऱ्याला २००० साली अमेरिकेतल्या क्ले गणित संस्थेने दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले. ते अजून कोणी नेलेले नाही. इतके हे अवघड प्रकरण आहे.

गवताच्या ढिगाऱ्यावर बसून मांडलेला हिशेब

सगळे उत्तर एकदम मिळत नसेल तर तुकडे पाडून मिळवावे, हे ज्यांना प्रथम सुचले आणि ज्यांनी ते हाताने करूनही पाहिले, त्यांचे नाव लुईस फ्राय रिचर्डसन. हे ब्रिटनच्या हवामान खात्यात नोकरीला होते. धर्माने क्वेकर, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्या पंथाचे. पहिल्या महायुद्धात त्यांनी बंदूक धरली नाही, पण फ्रान्सच्या रणभूमीवर जखमींना नेणारी गाडी चालवली. त्या धामधुमीत, मुक्कामाच्या थंड जागी गवताच्या ढिगाऱ्यावर बसून, ते हवेचे गणित करीत असत.

त्यांची रीत आपल्याला पटकन समजेल, कारण ती वाफ्यांची रीत आहे. आपण रानात वाफे पाडतो. एका वाफ्यात पाणी किती आले, बांध ओलांडून पुढच्या वाफ्यात किती गेले, किती मुरले, किती उन्हाने उडाले, हा हिशेब नीट ठेवला तर तासाभराने त्या वाफ्यात किती पाणी असेल ते सांगता येईल. रिचर्डसन यांनी आभाळाचे असेच वाफे पाडले. नुसते आडवे नव्हे, तर वरवर पाच थरांत. प्रत्येक वाफ्यातल्या हवेचा दाब, वेग, ऊब आणि ओलावा लिहायचा. शेजारच्या वाफ्यातून काय आले, शेजारी काय गेले, याची बेरीज-वजाबाकी करायची. की पुढच्या काही तासांनंतरचे आभाळ तयार!

नमुन्यादाखल त्यांनी २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाची नोंद घेतली आणि मध्य युरोपातल्या सहा तासांच्या बदलाचे गणित केले. सहा तासांचे हवामान काढायला सुमारे सहा आठवडे आकडेमोड करावी लागली. आणि उत्तर? सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल! इतका फरक भयंकर चक्रीवादळातही सहा तासांत पडत नाही. प्रत्यक्षात त्या दिवशी तिथला दाब जवळजवळ स्थिर होता.

दुसरा कोणी असता तर कागद फाडून मोकळा झाला असता. मध्यंतरी लढाईच्या गडबडीत ते बाड हरवलेही होते. काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाऱ्याखाली सापडले. रिचर्डसन यांनी ते आपल्या चुकीसकट १९२२ साली पुस्तकरूपाने छापले. त्यात त्यांनी एक स्वप्नही रंगवले. एका भल्यामोठ्या गोल नाट्यगृहात चौसष्ट हजार माणसे गणित करीत बसली आहेत, प्रत्येकाकडे पृथ्वीचा एक तुकडा, आणि मधल्या उंच चौथऱ्यावरून एक जण सर्वांना एका तालात ठेवतो आहे. एवढी माणसे बसली तर गणित हवामानाच्या बरोबरीने धावेल, असा त्यांचा अंदाज होता.

पुष्कळ वर्षांनी आयर्लंडचे पीटर लिंच यांनी तेच गणित संगणकावर पुन्हा करून पाहिले. रीत चुकलेली नव्हती. सुरुवातीला भरलेले दाब आणि वाऱ्याचे आकडे एकमेकांशी जुळते नव्हते, तेवढाच दोष. ते आधी जुळवून घेतले असते तर उत्तर समंजस आले असते. वहीखाते बरोबर, पण आरंभीची शिल्लक चुकीची धरलेली, असा तो प्रकार होता.

यंत्र आले, आणि त्याने एक गुपित सांगितले

चौसष्ट हजार माणसांऐवजी यंत्र आले. १९५० साली अमेरिकेत 'एनियाक' नावाच्या संगणकावर ज्यूल चार्नी, जॉन फॉन नॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला अंदाज काढला. हा संगणक सुमारे तीस टन वजनाचा होता. चोवीस तासांचा अंदाज काढायला त्याला जवळजवळ चोवीस तासच लागले. म्हणजे गणित संपेपर्यंत उद्याचा दिवस उजाडलेला. त्या वेळचा एक वाफा सातशेहून अधिक किलोमीटर रुंद होता. मुंबई ते नागपूर हे सरळ रेषेतले अंतरही जेमतेम तेवढेच. पण रिचर्डसन यांची वाट खरी ठरली.

मग वाटले, संगणक मोठा करत गेले की महिन्यानंतरच्या अमुक तारखेचा पाऊसही सांगता येईल. ही आशा एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी मोडली. १९६१ साली ते एका छोट्या संगणकावर हवेचे सोपे गणित चालवीत होते. एक गणित पुन्हा पाहायचे होते, म्हणून त्यांनी छापील कागदावरचा मधलाच आकडा भरला. यंत्राच्या पोटात होता ०.५०६१२७, कागदावर छापला गेला होता ०.५०६. यंत्र सुरू करून ते कॉफी प्यायला गेले. परत येऊन पाहतात तो थोड्या काळापुरते दोन्ही आभाळांचे पाऊल बरोबर पडले होते, आणि पुढे दोन्ही पार वेगळ्या वाटांनी गेली होती! एवढ्याशा आकड्याच्या फरकाने पुढचे सगळे हवामान बदलले.

१९६३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले, आणि १९६९ साली त्यामागचे आणखी एक कारण दाखवले. लहान भोवऱ्यातली चूक फार लवकर दुप्पट होते आणि मग ती आपल्याहून मोठ्या भोवऱ्यात शिरते. तिथून त्याहून मोठ्या. अशी ती उतरंड उलटी चढत जाते. बांधावरची एखादी झुळूक आपण मोजलेली नसते, आणि दोन आठवड्यांनी तिच्यामुळे कमी दाबाचे क्षेत्र कुठल्या कुठे सरकलेले असू शकते. म्हणून रोजच्या हवामानाचा तपशील साधारण दोन आठवड्यांपलीकडे सांगता येत नाही. ही संगणकाची खोट नव्हे. वाहत्या हवेचा तो स्वभावच आहे.

वाफ्याच्या आत काय चालले आहे?

आता आपल्या आईच्या तक्रारीकडे येऊ. 'शेजारच्या शिवारात पडला, आपल्याकडं टिपूस नाही' हे का होते?

संगणकाच्या लेखी एक वाफा म्हणजे एकच आकडा. वाफा बारा किलोमीटर लांब-रुंद असेल तर १४४ चौरस किलोमीटरांत एकच पाऊस, एकच वारा. पण वळवाचा ढग त्या वाफ्यापेक्षाही लहान असू शकतो. मग पूर्वेच्या गावात ओढा भरून वाहतो आणि पश्चिमेच्या गावात धूळ उडते, तरी संगणकाच्या वहीत दोघांच्या नावावर सरासरी पाऊस लिहिलेला असतो.

वाफ्याहून लहान भोवरे दिसत नाहीत म्हणून सोडून द्यावेत, तर तेही चालत नाही. तेच भोवरे जमिनीची ऊब आणि ओलावा वर नेतात, तेच ढग घडवतात. यावर १९६३ साली जोसेफ स्मागोरिन्स्की यांनी एक तोड काढली. दिसणाऱ्या मोठ्या प्रवाहावरून न दिसणाऱ्या भोवऱ्यांचा एकूण परिणाम अजमासाने धरायचा. आपण पोत्यातले दाणे मोजत नाही, पण वजनावरून अजमास धरतोच ना, तसेच. ढगांसाठीही असेच अजमास बसवलेले असतात. जगातले सगळे हवामानाचे संगणक आजही या प्रकारचे अजमास वापरतात, आणि अंदाज चुकतो तो पुष्कळदा इथेच.

२६ जुलै २००५ आठवतो? मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या वेधशाळेत त्याच काळात फक्त ७३ मिलिमीटर. दोन्ही ठिकाणांत पंचवीस-तीस किलोमीटरचेही अंतर नाही. एका शहरात इतका फरक, तर आपल्या तालुक्यात का पडू नये?

मग वाफे लहान का करीत नाहीत? करतात, पण त्याची किंमत मोठी आहे. वाफ्याची लांबी-रुंदी निम्मी केली की वाफे चौपट होतात. शिवाय हिशेबही दुप्पट वेळा करावा लागतो, कारण लहान वाफ्यातून वारा लवकर पार होतो. म्हणजे काम आठपट. वरचे थरही दुप्पट केले तर सोळापट. सबंध पृथ्वीवर सहा किलोमीटरचे वाफे पाडले तर ढोबळ हिशेबाने एका थरातच एक कोटी चाळीस लाखांवर वाफे होतात. मिलिमीटरभराच्या भोवऱ्यापर्यंत पोहोचायचे म्हटले तर कुठलाही संगणक पुरणार नाही.

समुद्राची सावकाश चाल

वाचक म्हणतील, दोन आठवड्यांपुढचे सांगता येत नाही, मग एप्रिलमध्ये चार महिन्यांच्या पावसाचा अंदाज कसा देतात? त्याचे उत्तर समुद्रात आहे.

हवा चंचल, समुद्र सावकाश. समुद्रातही भोवरे असतात. पावसाळ्यात आफ्रिकेच्या सोमालिया किनाऱ्याजवळ कित्येक शे किलोमीटर रुंदीचा एक भोवरा दरवर्षी तयार होतो. तिथला सागरी प्रवाह वाऱ्याबरोबर आपली दिशा बदलतो, आणि खालचे थंड पाणी वर येते. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखे पसरते. त्यामुळे वरचा थर सहज ढवळला जात नाही आणि उबदार राहतो. ही ऊब पावसाच्या प्रणालींना खाद्य पुरवते. समुद्राची ऊब महिनोन्महिने टिकते, म्हणून तिचा हवेवरचा परिणाम आधी अजमावता येतो. कोणत्या तारखेला पाऊस पडेल ते नाही, पण हंगामाचा एकंदर कल कळतो.

याची पहिली खूण भारतातच सापडली. गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती १९०४ साली भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होऊन आले. दुष्काळाची आगाऊ चाहूल लागावी म्हणून त्यांनी जगभरच्या नोंदी तपासल्या. तेव्हा त्यांना दिसले की पॅसिफिक महासागराच्या एका बाजूला हवेचा दाब वाढला की दुसरीकडे हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि या झोक्याचा आपल्या पावसाशी संबंध आहे. आज आपण 'एल निनो' हा शब्द ऐकतो तो याच झोक्याचा भाऊबंद. पण एल निनो आला की दुष्काळ ठरलाच असे नाही. १९९७ साली मोठा एल निनो होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला.

हवा आणि समुद्र एकाच गणितात जोडण्याचे पहिले काम स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी अमेरिकेत १९६९ साली केले. मानाबे यांना २०२१ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुण्याच्या सिमला ऑफिसपासून 'अर्क'पर्यंत

पुण्यात शिवाजीनगरला जुन्या दगडी इमारतीत हवामान खात्याची कचेरी आहे. लोक तिला सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ साली ती सिमल्याहून इथे आली. १९६२ साली पुण्यातच उष्णकटिबंधीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था निघाली. ती आज पाषाण रस्त्यावर आहे. म्हणजे आपल्या पावसाच्या गणिताचा मोठा भाग आपल्याच राज्यात मांडला जातो.

पुष्कळ वर्षे हंगामाचा अंदाज जुन्या नोंदींच्या मेळावर दिला जाई. २००२ साली त्या पद्धतीने सर्वसाधारण पावसाचा अंदाज निघाला, आणि प्रत्यक्षात जुलैमध्ये देशाचा पाऊस निम्म्यावर आला. हंगामाची सरासरी ८१ टक्क्यांवर थांबली. २००९ साली ती ७८ टक्के झाली. या फटक्यांनंतर हवा-समुद्राच्या जोड गणितावर भर आला. २०१२ साली केंद्र सरकारने 'मान्सून मिशन' सुरू केले, आणि अमेरिकेत तयार झालेले गणित पुण्यात आपल्या पावसाला जुळवून घेण्याचे काम झाले.

संगणकही मोठे झाले. १९८९ साली दिल्लीत हवामानासाठी अमेरिकेहून 'क्रे' संगणक आणावा लागला होता. २०१८ साली पुण्याच्या संस्थेत 'प्रत्यूष' आला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या पुढचा 'अर्क' आला. त्याची क्षमता सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी गणिते करण्याची आहे. मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली आणि बारा किलोमीटरचा वाफा सहा किलोमीटरचा झाला.

आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वाचलेले जीव. १९९९ साली ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' आले, तेव्हा अंदाज आधी मिळाला, लाखो लोक हलवले गेले आणि मृतांची संख्या शंभराच्या आतच राहिली. चक्रीवादळ मोठे असते, अनेक वाफ्यांवर पसरते, म्हणून ते संगणकाला दिसते. वळवाचा ढग वाफ्यात लपतो. दोन्ही अंदाजांवर सारखाच भरवसा ठेवता येत नाही तो यामुळे.

आणखी एक शहाणपण संगणकाला शिकवले आहे. लॉरेन्झ यांच्या गोष्टीवरून धडा घेऊन आता एकच गणित करीत नाहीत. २०१८ पासून आपल्याकडे सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तेच गणित एकवीस वेळा करू लागले. गावातल्या एकवीस जाणत्यांना विचारावे तसे. एकवीसपैकी अठरांनी पाऊस सांगितला तर भरवसा जास्त, दहांनी सांगितला तर दोलायमान. 'शक्यता साठ टक्के' असे ऐकू येते ते अशा मोजणीतून.

२०२५ साली मान्सून केरळात २४ मेलाच पोहोचला आणि दोन दिवसांत मुंबईत आला. मग त्याची पुढची चाल थबकली. त्या वर्षी केंद्रीय कृषी खात्याने तेरा राज्यांतल्या सुमारे तीन कोटी ऐंशी लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर पावसाच्या आगमनाचे अंदाज पाठवले. त्यांत संगणकाला जुन्या नोंदींवरून शिकवण्याची नवी रीत वापरली होती, आणि मध्ये पडलेल्या खंडाची सूचनाही त्यांत होती. घाईने पेरणाऱ्याला थांबवणारी अशी सूचना वेळेवर मिळाली, तर तिचे मोल बियाण्याच्या पोत्यात मोजता येते.

मग घरात काय ठरवावे?

एवढे ऐकून घेतल्यावर चार गोष्टी गाठीला बांधाव्यात.

पहिली, अंदाज किती दिवसांचा आहे ते पाहावे. ढग उठल्यावर दोन-तीन तासांचा इशारा रडारवरून मिळतो. तो सर्वांत जवळचा. शेळ्या-गुरे आणि वाळवण आत घ्यायला, झाडाखाली न थांबायला तो कामाचा. तीन ते पाच दिवसांचा अंदाज फवारणी, खत, काढणी यांसाठी धरावा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याचा अंदाज म्हणजे नुसता कल, पाऊस जोर धरेल की दडी मारेल एवढाच. आणि हंगामाचा अंदाज पिकाचे वाण निवडायला, चाऱ्याची तजवीज करायला. त्यावरून पेरणीची तारीख काढू नये.

दुसरी, अंदाज किती मुलखाचा आहे ते पाहावे. 'मराठवाड्यात पाऊस' म्हणजे आपल्या गटात पाऊस नव्हे. वेधशाळेच्या शब्दांना ठरलेले माप आहे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत ठिकाणी पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत. 'बऱ्याच' किंवा 'अनेक ठिकाणी' म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत. 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याहून जास्त. 'तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस' हे ऐकून ज्याने तिफण जुंपली, त्याने चारांतल्या तीन कोरड्या गावांत आपले गाव असू शकते हे लक्षातच घेतले नाही.

तिसरी, आभाळाचा अंदाज आणि जमिनीची ओल यांची सांगड घालावी. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमीन पुरेशी भिजल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, असे कृषी विद्यापीठे सांगत आली आहेत. ही ओल म्हणजे आपला विमा. मध्ये आठ-दहा दिवस खंड पडला आणि अंदाज चुकला, तरी रोप तग धरते. संगणक आभाळातले सांगतो. ढेकूळ फोडून ओल किती खोल गेली ते आपणच पाहायचे.

चौथी, आपल्या अंगणातला पाऊस मोजावा. साधे पर्जन्यमापक फार महाग नसते. उघड्या जागी, झाडा-भिंतींपासून लांब ते ठेवावे. रोज सकाळी ठरल्या वेळी मोजून वहीत लिहावे. घरातल्या शाळकरी मुला-मुलीकडे हे काम द्यावे, त्यांना त्याची गोडी लागते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी, हे त्यांना सांगावे. सहा किलोमीटरचा वाफा म्हणजे जवळजवळ नऊ हजार एकर. त्यातल्या आपल्या चार एकरांत काय पडले, ते आपल्या वहीशिवाय कुणाकडे नीट लिहिलेले नसते. दोन-चार वर्षांची वही झाली की अंदाज काय होता आणि आपल्या शिवारात काय झाले, याचा मेळ घरच्या घरी लागतो.

पंचांगात नक्षत्राचे वाहन बघणारे आजोबाही आभाळाचा कलच शोधत होते आणि पुण्याचा संगणकही तोच शोधतो आहे. फरक एवढाच की संगणकाचा अंदाज चुकला की तो कुठे चुकला ते तपासता येते आणि पुढच्या वर्षी सुधारता येते. रिचर्डसन यांची चूक अशीच छापली गेली, म्हणूनच आज ओडिशाच्या किनाऱ्यावरची माणसे वेळेत घराबाहेर पडतात.

तेव्हा येत्या मृगात पुन्हा बोलणे निघेल, तेव्हा मुलाने पाच दिवसांचा अंदाज वाचून दाखवावा, आईने वहीतला पावसाचा आकडा सांगावा, आणि आबांनी रानात जाऊन मूठभर माती उचलून पाहावी. तिन्हींचा मेळ बसला, की खुशाल तिफण जुंपावी. नाही बसला, तर बियाण्याची पिशवी चार दिवस पडवीतच राहू द्यावी. पडवीतले बियाणे कुजत नाही.